गाडीचा क्लच बदलताय? आधी त्याचं घसरणं समजून घ्या

मुंबईतल्या एकाच सोसायटीत शेजारी शेजारी उभ्या राहणाऱ्या दोन गाड्या. दोन्हींचा क्लच गेला. एकीचं एस्टिमेट मजुरीसकट दहा-बारा हजारांत आटोपतं, दुसरीचं पन्नास हजारांच्या वर जातं. दुसरी गाडी फार मोठी नाही, परदेशीही नाही. ती डिझेल आहे, एवढाच फरक. गॅरेजवाला म्हणतो, ‘‘साहेब, याला ड्युअल मास आहे, दोन्ही बदलावं लागेल.’’ मालक मान डोलावतो, कारण पुढे विचारायचं काय हेच त्याला सुचत नाही. मग सल्ले सुरू होतात. एक जण सांगतो साधं फ्लायव्हील टाकून घे. दुसरा म्हणतो हेवी ड्युटी प्लेट टाक, पुन्हा दहा वर्षं बघायला नको. तिसऱ्याच्या मते फक्त प्लेट बदलली की झालं, बाकी सगळी लुटालूट.

यातलं कुणाचं किती ऐकायचं हे ठरवायला क्लच एकदा आतून बघायला हवा. मेकॅनिक नसलेल्या माणसालाही तो अर्ध्या तासात कळतो.

क्लच करतो तरी काय?

इंजिनला थांबून चालत नाही. गाडी सिग्नलला उभी असली तरी ते मिनिटाला सात-आठशे फेऱ्या मारत असतं. चाकं मात्र थांबलेली असतात. फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं एकदम जोडली तर गाडी हिसका मारून बंद पडते. चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस (चढू नये, पण चढतात) आधी चार पावलं गाडीबरोबर धावतो आणि वेग जुळला की मगच पाय आत टाकतो. चाकांना ती चार पावलं धावायला देणं हे क्लचचं काम. जोड पक्का होण्याआधी तो काही क्षण मुद्दाम घसरतो, आणि त्या घसरण्यातच दोन्हीकडचे वेग जुळतात.

भाग चारच. इंजिनच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, बोल्टने बसवलेली जड चकती म्हणजे फ्लायव्हील. तिला टेकून क्लच प्लेट असते. ही पातळ चकती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर खाचांमध्ये सरकती बसते आणि तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर, म्हणजे लाइनिंग, रिव्हेटने ठोकलेलं असतं. या प्लेटला मागून फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट. तिच्या पोटात दणकट स्प्रिंग असते. चौथा भाग रिलीज बेअरिंग. पेडल दाबलं की ते स्प्रिंगला रेटतं, दाब सुटतो आणि इंजिन मोकळं फिरू लागतं.

आता थोडा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत, पण लहान पेट्रोल हॅचबॅकच्या वास्तवाला धरून. प्रेशर प्लेटचा दाब ३५०० न्यूटन, म्हणजे अंदाजे साडेतीनशे किलोचं ओझं. लाइनिंगचा घर्षणांक ०.३. प्लेटच्या मध्यापासून लाइनिंगपर्यंतचं सरासरी अंतर ८ सेंटिमीटर. बाजू दोन. गुणाकार केला की २ × ०.३ × ३५०० × ०.०८ = १६८ न्यूटन-मीटर येतात. न्यूटन-मीटर हे टॉर्कचं, म्हणजे पिळाच्या जोराचं माप. इंजिनचा टॉर्क धरा ११५. म्हणजे इंजिन जेवढा जोर लावू शकतं त्याच्या जवळजवळ दीडपट जोर हा क्लच न घसरता पेलतो. ही शिल्लक झिजेसाठी आणि तापण्यासाठी आधीच राखून ठेवलेली असते. चांगल्या अवस्थेतला मूळ डिझाइनचा क्लच इंजिनला कमी पडत नाही. पुढे ‘पकड वाढवा’ असा सल्ला आला की हा आकडा आठवा.

मग मुंबईत तो लवकर का जातो?

कारण त्याला इथे सतत घसरावं लागतं, आणि घसरणं म्हणजे तापणं.

गाडी उचलताना क्लचमध्ये किती उष्णता होते याचा एक छान नियम आहे. इंजिनच्या फेऱ्या स्थिर ठेवून सपाट रस्त्यावर गाडी उचलली, तर वेग जुळेपर्यंत गाडीला जेवढी गतीची ऊर्जा मिळते, जवळपास तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. अकराशे किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये ताशी १० किलोमीटरला जुळली, तर ही उष्णता सुमारे ४२०० ज्यूल. तेवढ्याच फेऱ्यांवर दुसऱ्या गिअरमध्ये उचलली तर वेग जुळतो ताशी १८ च्या आसपास. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून उष्णता तिपटीहून जास्त होते. साकीनाक्याला रांग थोडी हलली की ‘आता पहिला कुठे टाकायचा’ म्हणून दुसऱ्यातच गाडी सरकवणारे प्रत्येक वेळी एवढं बिल फाडत असतात.

चढावर हाफ क्लचने, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवणं त्याहून वाईट. मॉलच्या पार्किंगचा रॅम्प घ्या, दहाला एक असा चढ. पुढची गाडी तिकिटासाठी थांबली आहे, तुम्ही ब्रेकऐवजी हाफ क्लचवर तोल सांभाळताय. गाडी तसूभर हलत नाही, म्हणजे इंजिनने क्लचला दिलेलं सगळंच उष्णतेत जातं. वरच्याच गाडीचा हिशेब केला तर तीन किलोवॅटच्या जवळ पोहोचतो. दोन-तीन मिनिटांत वास येतो तो उगाच नाही. पावसाळ्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर रांग लागली की हा वास न घेतलेला ठाणेकर विरळा.

म्हणूनच ‘क्लच किती किलोमीटर टिकतो’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. रोज द्रुतगती मार्गाने पुण्याला जाणाऱ्याची प्लेट लाखभर किलोमीटरनंतरही ठणठणीत असू शकते आणि अंधेरी-कुर्ला रोडवर त्याच्या निम्म्या अंतरात संपू शकते. झीज अंतराने होत नाही, गाडी किती वेळा आणि कशी उचलली त्याने होते. क्लच निवडतानाही हेच डोक्यात ठेवायचं. मुंबईत तुम्हाला सगळ्यात घट्ट पकडणारा क्लच नको आहे, सगळ्यात शहाण्यासारखा घसरणारा हवा आहे.

क्लच जड झालाय, वायर बदलू?

पेडलपासून क्लचपर्यंत जाणारी वायर बदलून बघा, स्वस्त असते. पण पुष्कळदा दोष वायरचा नसतो. आजच्या जवळपास सगळ्या कारच्या प्रेशर प्लेटमध्ये डायफ्राम स्प्रिंग असते. ही बशीच्या आकाराची पोलादी चकती. आतल्या कडेला तिला चिरा पाडून बोटं केलेली असतात. रिलीज बेअरिंग या बोटांवर दाबतं. पूर्वी याच जागी गोल गुंडाळीच्या अनेक स्प्रिंगा असायच्या. लाइनिंग झिजलं की त्या सैल पडायच्या, दाब कमी व्हायचा आणि क्लच घसरू लागायचा. डायफ्रामचं उलट आहे. लाइनिंग झिजलं की तिचा कोन बदलतो, दाब सुरुवातीला उलट वाढतो आणि बोटं रेटायला जास्त जोर लागतो. म्हणजे पेडल हळूहळू जड होत जाणं ही लाइनिंग झिजत आल्याची खूण असू शकते. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला हे कळत नाही. एखाद्या दिवशी मित्र चालवायला बसतो आणि ‘‘अरे, हा क्लच आहे की जिमचं मशीन?’’ म्हणतो तेव्हा लक्षात येतं.

याच कटकटीवर उपाय म्हणून काही गाड्यांमध्ये स्वतःहून जुळवून घेणारी प्रेशर प्लेट येते. लाइनिंग झिजेल तसं आतलं पाचरीचं कडं थोडं थोडं फिरतं आणि डायफ्रामचा कोन नव्यासारखा राखतं, त्यामुळे पेडल शेवटपर्यंत हलकं राहतं. फक्त हे कडं बसवतानाच फिरून गेलं तर सगळं मुसळ केरात. या प्लेटला कडं दाबून धरणारं खास टूल लावूनच बोल्ट आवळायचे असतात. ते न लावता बसवलेला नवा कोरा क्लच पहिल्याच दिवशी नीट सुटत नाही, रिव्हर्स टाकताना गिअर कुरकुरतो, आणि दोष मात्र पार्टच्या माथी येतो. तुमच्या गाडीला ही प्लेट असेल तर गॅरेजमध्ये ते टूल आहे का, एवढं आधी विचारा. उत्तर ‘‘त्याची काही गरज नसते’’ असं आलं तर दुसरं गॅरेज बघा.

हेवी ड्युटी प्लेट टाकली तर?

हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि मुंबईत सगळ्यात जास्त नडतो.

नेहमीच्या कारला येतं ते ऑरगॅनिक लाइनिंग. काचेचे आणि इतर तंतू, राळ, रबर, जोडीला पितळेची किंवा तांब्याची बारीक तार असं ते मिश्रण असतं. जुन्या काळी त्यात ॲस्बेस्टॉस असे, म्हणून जुन्या गाडीच्या क्लचची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. या लाइनिंगचा गुण असा की ते मऊपणे पकडतं. पेडल सोडताना पाय थोडा मागेपुढे झाला तरी गाडी हिसका देत नाही. उणीव ही की फार तापलं तर वरचा थर जळून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि घसरू लागतो.

दुसऱ्या टोकाला सिरॅमिक किंवा धातूची भुकटी दाबून-भाजून केलेल्या टिकल्यांची प्लेट. तिला पूर्ण गोल अस्तर नसतं, तीन-चार-सहा टिकल्या असतात. घर्षण जास्त, उष्णता सोसण्याची ताकद भरपूर. रेसिंगच्या गाड्यांना आणि जड ट्रकांना ती शोभते, कारण तिथे जोर मोठा असतो किंवा तापमान. पण ती मऊपणे घसरत नाही. एक तर सुटलेली, नाही तर पकडलेली. बांद्र्याहून सायनला जाताना गाडी फुटा-फुटाने सरकवायची असेल तर अशी प्लेट दर वेळी धक्का देते, गाडी थरथरते, आणि तो धक्का पुढे गिअरबॉक्स, माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट यांच्यापर्यंत जातो. वर फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खरवडला जातो. या दोहोंच्या मधे अरामिड तंतूंची, लोक ज्याला केव्हलार म्हणतात ती, प्लेट असते. पकड मऊ, आयुष्य लांब, पण सुरुवातीला फार सांभाळून रुळवावी लागते आणि एकदा भाजली की जुन्या रुबाबाला येत नाही.

हेवी ड्युटीचा दुसरा अर्थ म्हणजे जास्त दाबाची प्रेशर प्लेट. तिची किंमत तुमचा डावा पाय मोजतो. स्प्रिंग जितकी कडक तितकं पेडल जड, आणि वायर, बेअरिंगला रेटणारा फोर्क, रिलीज बेअरिंग यांच्यावरचा भारही तितकाच वाढलेला. इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून (रिमॅप करून) टॉर्क बराच वाढवला असेल तर हा सौदा समजू शकतो. बाकीच्यांनी वरचा दीडपटीचा हिशेब आठवावा. झिजायचं कारण पकड कमी पडणं हे नव्हतंच.

प्लेटच्या मधोमध दिसणाऱ्या छोट्या स्प्रिंगांबद्दल इथेच सांगून टाकतो. इंजिनचे बारीक धक्के गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून त्या असतात. नवी प्लेट हातात हलवली की त्यातली एखादी स्प्रिंग खुळखुळते, आणि दुकानात ‘‘डुप्लिकेट माल दिला’’ म्हणून वाद होतात. काही डिझाइनमध्ये निष्क्रिय फेऱ्यांसाठीच्या (गाडी उभी असताना इंजिन मंद फिरतं तेव्हाच्या) हलक्या स्प्रिंगा मोकळ्याच ठेवलेल्या असतात. खुळखुळणं हा एकट्याने दोष नव्हे.

डिझेलवाल्यांचं पन्नास हजारांचं कोडं

आता त्या दुसऱ्या एस्टिमेटकडे येऊ. इंजिन आपल्याला सलग फिरतंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते ठोक्यांनी फिरतं. सिलिंडरमध्ये इंधन पेटलं की क्रँकला एक धक्का बसतो, मग क्षणभर शांतता, मग पुढचा धक्का. डिझेलमध्ये हा धक्का पेट्रोलपेक्षा जोरदार असतो आणि कमी फेऱ्यांवर दोन धक्क्यांमधलं अंतर वाढतं. आधुनिक टर्बो डिझेलचा टॉर्क तर अगदी खालच्या फेऱ्यांपासून येतो. प्लेटमधल्या छोट्या स्प्रिंगांना एवढं झेपत नाही.

म्हणून फ्लायव्हीलचेच दोन तुकडे केले. एक इंजिनला जोडलेला, दुसरा क्लचला. दोहोंच्या मधे ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब कमानदार स्प्रिंगा. इंजिनकडचा तुकडा हिसके खातो, क्लचकडचा बऱ्यापैकी शांत फिरतो. हे ड्युअल मास फ्लायव्हील, गॅरेजच्या बोलीत डीएमएफ. पुष्कळ डिझेल गाड्यांना ते असतं, सगळ्यांना नसतं, आणि काही पेट्रोल टर्बोंनाही असतं. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत फरक असू शकतो, तेव्हा ‘त्या गाडीला असतं’ या ऐकीव माहितीवर न जाता चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्यावा.

डीएमएफ महाग आहे आणि ते कायमचं नाही. स्प्रिंगा थकतात, ग्रीस बाहेर पडतं. मग इंजिन बंद करताना खटखट किंवा धडधड असा आवाज येतो, निष्क्रिय फेऱ्यांवर खडखडतं, कमी फेऱ्यांवर ओढताना गाडी थरथरते. पण क्लच बदलला म्हणजे डीएमएफ बदललंच पाहिजे, असंही नाही. गिअरबॉक्स उतरल्यावर ते मोजता येतं. क्लचकडचा तुकडा हाताने किंवा टूलने किती अंश फिरतो, किती डुलतो, याच्या मर्यादा बनवणाऱ्याने दिलेल्या असतात. ‘‘मोजून दाखवा’’ एवढं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे. मापात असेल आणि पृष्ठभागावर निळे डाग, तडे, ग्रीसचे फवारे नसतील तर ते ठेवता येतं. मात्र कडेवर असेल तर थोडे पैसे वाचवायला ठेवू नका. सहा महिन्यांत पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी त्याहून जिव्हारी लागते.

साधं फ्लायव्हील टाकून मोकळं व्हावं का?

होतं, पण कसं, हे महत्त्वाचं. डीएमएफ असलेल्या कित्येक गाड्यांच्या क्लच प्लेटला मधल्या स्प्रिंगा नसतातच, कारण ते काम डीएमएफकडे गेलेलं असतं. अशा गाडीत फक्त फ्लायव्हील बदलून जुन्या डिझाइनचीच प्लेट टाकली, तर इंजिनचा प्रत्येक धक्का आडकाठीशिवाय गिअरबॉक्सच्या दातांवर जातो. काही नामांकित क्लच कंपन्या ठरावीक गाड्यांसाठी पूर्ण संच देतात. त्यात साधं फ्लायव्हील, लांब चाल असलेल्या स्प्रिंगांची खास प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असं सगळं एकमेकांना जुळवलेलं असतं. पुढच्या वेळी क्लच बदलताना ते फ्लायव्हील लेथवर घासूनही चालतं. डीएमएफबाबत सहसा ते करू नये.

तोटा लपवण्यासारखा नाही. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा किणकिणाट थोडा वाढतो, आणि हजार-बाराशे फेऱ्यांवर गाडी ओढली की केबिनमध्ये घुमल्यासारखं होतं. हायवेला हे जाणवतही नाही. मुंबईतली गाडी मात्र नेमकी त्याच फेऱ्यांवर दिवस काढते. माझं मत असं की गाडी जुनी आहे, डीएमएफचा खर्च तिच्या किमतीच्या मानाने अवाच्या सवा वाटतो आणि नामांकित कंपनीचा पूर्ण संच त्या मॉडेलसाठी मिळतो, तर घ्यावा. ‘‘आपल्याकडे एक जण वेल्डिंग मारून डीएमएफ जाम करून देतो’’ असं कोणी सांगितलं तर चहा पिऊन परत यावं.

फक्त प्लेट बदलून नाही का भागणार?

हिशेब मजुरीचा करा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत क्लचपर्यंत पोहोचायला ड्राइव्हशाफ्ट काढा, माउंटिंग सोडा, गिअरबॉक्स खाली घ्या, असा दिवसभराचा खेळ असतो. एवढं करून फक्त प्लेट बदलली आणि जुनी प्रेशर प्लेट निळी पडलेली किंवा वाकलेली असली, तर नवं लाइनिंग वाकड्या पृष्ठभागावर घासत राहतं. रिलीज बेअरिंग हा तर स्वस्तातला भाग. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली की दोष बहुधा त्याचाच. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग हा सेट एकत्रच घ्यावा.

वायरऐवजी क्लच ऑइलवर चालणाऱ्या काही गाड्यांत बेअरिंग आणि खालचा सिलिंडर एकाच तुकड्यात, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळू लागला की तेल थेट प्लेटवर उडतं, आणि नवा क्लच आठवड्यात वाया जातो. गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर हा सिलिंडर आणि क्रँकचं मागचं ऑइल सील बघून घ्यायलाच हवं. साधं फ्लायव्हील असेल तर त्यावरच्या रेघा आणि निळे डाग लेथवर काढून घ्यावेत. काही फ्लायव्हीलना पायरी असते, तिथे दोन्ही पातळ्या सारख्याच घासाव्या लागतात. चांगल्या लेथवाल्याला हे सांगावं लागत नाही.

लाइनिंग नव्याने मारून दिलेल्या प्लेटी आणि ‘रिकंडिशन’ प्रेशर प्लेटी बाजारात स्वस्त मिळतात. लाइनिंग नवं असलं तरी डायफ्राम स्प्रिंग लाखो वेळा वाकून थकलेली असते, ती रंग मारून तरुण होत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाडीचा दरवाजा, आरसा, दिवा जरूर शोधा. क्लच तिथे शोधू नका.

आणि गाडीला क्लचचं पेडलच नसेल तर?

पेडल नाही म्हणजे क्लच नाही, हा समज महागात पडतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आपल्याकडच्या सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. एएमटी म्हणजे तोच साधा गिअरबॉक्स, तीच कोरडी प्लेट. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला हातापायांऐवजी यंत्र. तिचा क्लचही झिजतो, आणि ब्रेक सोडल्यावर आपोआप पुढे सरकणारी एएमटी खरं तर हाफ क्लचवरच असते. क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून यंत्राला नवी पकड कुठे येते ते शिकवावं लागतं. ते न केल्यास गाडी हिसके मारते आणि मालक पार्टला शिव्या घालतो. २०२० साली ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सोनेटमध्ये आलेल्या आयएमटीत गिअर आपण टाकतो, क्लच यंत्र दाबतं. प्लेट तिथेही आहे.

डीसीटीत (ड्युअल क्लच ट्रान्समिशन) तर दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी, दुसरा समसाठी. त्यातही दोन जाती. कोरड्या क्लचची, जसा फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा डीक्यू२००, आणि तेलात बुडालेल्या क्लचची, जशी २०२२ मध्ये टाटा अल्ट्रोझमध्ये आली. तेल उष्णता वाहून नेतं, त्यामुळे रांगेत सरकण्यासाठी ओला प्रकार जास्त सोशिक. बदल्यात ते तेल वेळेवर बदलावं लागतं. कोरडा प्रकार असेल तर पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून इंच-इंच सरकू नका. थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदमच पुढे जा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरू नका, ब्रेक त्यासाठीच आहे. डीसीटीचा क्लच नाक्यावरच्या गॅरेजचं काम नव्हे, त्याला मापं घ्यायची टूल आणि सॉफ्टवेअर दोन्ही लागतात.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या दुसऱ्या जातीच्या ऑटोमॅटिकवाल्यांना या लेखातलं फारसं काही लागू नाही. इलेक्ट्रिकवाल्यांना तर काहीच नाही.

कुठल्या खोक्यातला घ्यावा?

कार बनवणाऱ्या कंपन्या बहुधा क्लच स्वतः बनवत नाहीत. लुक, व्हॅलिओ, एक्सेडी, सॅक्स यांसारख्या कंपन्या तो पुरवतात आणि पुष्कळदा तोच माल स्वतःच्या खोक्यातही विकतात. तेव्हा गाडीत मूळ ज्या कंपनीचा क्लच होता तिच्याच खोक्यातला, पक्क्या बिलासह घेतला तर काही बिघडत नाही, पैसे वाचतात. ऑपेरा हाउसच्या बाजारात भाव करायचा असेल तर पार्ट नंबर हातात घेऊन जा, ‘अमक्या गाडीचा द्या’ म्हणू नका. बसवण्याआधी जुनी आणि नवी प्लेट शेजारी ठेवून व्यास, मधल्या खाचांची संख्या आणि मधल्या भागाची उंची जुळते का ते बघायला मेकॅनिकला दोन मिनिटं लागतात. गाडी नवी असली तरी वॉरंटीवर फार भिस्त नको. क्लचची झीज सहसा तिच्यात बसत नाही.

नवा क्लच बसल्यावर पहिले पाचएकशे किलोमीटर शहरात नेहमीसारखी, पण नरम पायाने गाडी चालवा, म्हणजे लाइनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांवर नीट बसतील. त्या आठवड्यात घाटात भरलेली गाडी नेऊ नका. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली असेल तर नुसती उभी करून चार दिवस ठेवू नका. क्लचच्या कवचात शिरलेल्या पाण्याने फ्लायव्हील गंजतं आणि प्लेट त्याला चिकटते. पाणी ओसरल्यावर इंजिन सुरू होण्यासारखं असेल तर थोडी चालवून ती वाळवावी.

जुनं सामान परत मागा

बिल देताना जुना सेट गोणपाटात भरून मागून घ्या. भंगाराचे चार पैसे मिळतील म्हणून नव्हे, त्यावर तुमच्या गाडीचा इतिहास लिहिलेला असतो म्हणून. लाइनिंग दोन्ही बाजूंनी सारखं, रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलं असेल तर क्लचने आपलं आयुष्य इमानदारीत संपवलं. बहुतेक मॅन्युअलमध्ये रिव्हेट आणि पृष्ठभाग यांत ०.३ मिलिमीटरच्या आसपास अंतर उरलं की प्लेट बदला असं म्हटलेलं असतं. नखानेही ते चाचपता येतं. लाइनिंग जाड आहे पण काळं, चकचकीत आहे आणि प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग, केसासारख्या चिरा आहेत, तर क्लच झिजला नाही, जाळला गेला. दोष हाफ क्लचच्या सवयीत आहे, पाय पेडलवर ठेवून चालवण्यात आहे. एकच बाजू जास्त झिजलेली असेल तर प्लेट शाफ्टवर मोकळी सरकत नव्हती. डायफ्रामची बोटं टोकाशी खोल खरवडली असतील तर बेअरिंग बराच काळ अडकत होतं.

आणि लाइनिंगवर तेलाचा ओलसर काळा पट्टा दिसला, तर पैसे देण्याआधी मेकॅनिकला विचारा की हे तेल कुठून आलं आणि ते सील बदललं का. ‘‘नाही बदललं’’ असं उत्तर आलं तर गाडी पुन्हा रॅम्पवर चढवायला सांगा.